निळ्या भांड्यातली ज्वारी

ऐन करमा, १४ मे २००६

दलेंदा,

ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाहीये, तेव्हा उगाच भुवया उंचावू नकोस. दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी तुझा तो ट्युनिसचा मऊ आवाज ऐकून माझी जीभ ताब्यात राहिली नसती, हे तुलाही माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं.

कामाचं लिहिते. तीन वर्षं झाली, माझं पोट मला छळतंय. जेवले की फुगतं, मग कळा, मग धावपळ. वजन इतकं उतरलंय की लग्नातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. हम्मादी म्हणतो, "लोकांना वाटेल, नवरा बायकोला उपाशी ठेवतो." त्याला काळजी लोकांची. शेवटी बेजा शहरातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घशातून नळी घातली, आतड्याचा कपटा काढून तपासायला पाठवला आणि पंधरा दिवसांनी सांगितलं, "गहू बंद. आयुष्यभर. दूध, ताक, पनीरसुद्धा बंद, आतडं सावरेपर्यंत."

मी हसले. खरंच हसले. त्यांच्या खिडकीतून डोंगरापर्यंत नुसता गहू उभा दिसत होता. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मग मी खाऊ काय, माती?"

ते हसले नाहीत. "घरात आणखी कुणाला आहे का हा त्रास?"

मी म्हटलं, "नाही."

आई शेजारी बसली होती. हल्ली ती डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधते, काल काय जेवली ते तिला आठवत नाही, पण एवढं मात्र तिला बरोबर ऐकू आलं. "नाही काय म्हणतेस? माझ्या दलेंदाला आहे की! एवढीशी होती तेव्हापासून. फुलासारखी पोर माझी, काय काय सोसलंय तिनं." आणि जी सुरू झाली ती थांबेचना. तुझं पोट, तुझा ताप, तुझी हुशारी, तुझी गणितातली बक्षिसं. डॉक्टर कागद बाजूला ठेवून ऐकत होते. नळी माझ्या घशात गेली होती, आणि चौकशी तुझी चालली होती.

परतताना बसमध्ये आई म्हणाली, "दलेंदाला विचार. तिला सगळं ठाऊक असतं." म्हणून विचारते आहे. तू काय खातेस, ते लिहून पाठव. तशी मी थांबलेली नाही म्हणा. गव्हाच्या जागी जवाची भाकरी सुरू केली आहे. आपल्या थोरामोठ्यांनी जवावर आयुष्यं काढली, जवानं कधी कुणाचं वाईट झालंय? पण आईचं समाधान म्हणून लिही.

मोंजिया


ऐन करमा, २ जुलै

दलेंदा,

पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. मक्याचं पीठ, तांदळाचं पीठ, ज्वारी, आणि तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात सहा पानं. पहिलीच ओळ: "जव ताबडतोब बंद कर, त्यातही तेच असतं."

सात आठवडे, दलेंदा! सात आठवडे मी जवाची भाकरी पाण्याबरोबर गिळत होते आणि रोज सकाळी आरशात बघत होते, गाल भरले का म्हणून. नजिहा, माझी नणंद, येऊन म्हणायची, "वहिनी, तुमचा चेहरा सुधारलाय हं." खोटारडी! पोट मात्र तसंच. मी डॉक्टरांना शिव्या दिल्या, नशिबाला दिल्या, थोड्या तुलाही दिल्या. तुझं पत्र वाचलं आणि जव कोंबड्यांना टाकला. चार दिवसांत कळा निम्म्यावर आल्या. हे कबूल करायला मला किती जड जातंय, त्याची तुला कल्पना नाही.

दूध सोडणं मात्र जिवावर आलं. गाय मीच पिळते. सकाळी धारेचा फेस हाताला लागतो आणि तो हात मी ॲप्रनला पुसते. दुपारी हम्मादी गव्हाच्या वाफवलेल्या कुसकुसवर थंडगार ताक ओतून घेतो आणि माझ्याकडे बघत एक मोठा घोट घेतो. "अगं, थोडं चाख. थोड्यानं काय होतंय?" त्याला खरंच वाटतं की तो प्रेम करतोय. मी उठून अंगणात जाते.

सहा पानं लिहिलीस. डाळीत हात धुऊन घाल, चमचा वेगळा ठेव, चाळणी वेगळी ठेव, सॉसेज घेताना त्यात गहू आहे का विचार. सगळं लिहिलंस. त्यात एक ओळ बहिणीची नाही. शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहिलंयस. "प्रकृतीस जपावे." मी काय तुझ्या आठवीच्या वर्गातली मुलगी आहे?

हो, मला माहीत आहे तू अशी का लिहितेस. अकरा वर्षं झाली त्याला. बाबांच्या दफनानंतरच्या जेवणात सगळं गाव परातींभोवती बसलं होतं, आणि तू पिशवीतून डबा काढलास. त्यात तुझा पांढरा ठिसूळ पाव. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बापाच्या नावाचा घास पण हिला चालत नाही. आमचं अन्न आता हिला विटाळ वाटतं." तू डबा बंद केलास, आईच्या कपाळाला ओठ टेकवलेस आणि निघून गेलीस. त्या दिवशी मी दमले होते. तीन दिवस रडले होते. असं म्हणून मी इतकी वर्षं ते पुसत आले आहे.

परवा मी स्वतः नजिहाच्या घरी डबा घेऊन गेले. सगळ्यांनी फक्त बघितलं. मला समजलं, डबा उघडताना किती मोठा आवाज होतो.

माझ्या युस्राचं लग्न २६ ऑगस्टला आहे. कळवलं. यायचं असेल तर ये, नसेल तर तुझी मर्जी.

मोंजिया


ऐन करमा, २४ जुलै

दलेंदा,

आज मी फार चिडलेली आहे, आणि ज्याच्यावर चिडावं असं माणूस तुझ्याशिवाय सापडत नाही.

काल आमच्या अंगणात वर्षाचा कुसकुस वळला. यंदा लग्नाचाही त्यातच. नवा गहू, नवा रवा, पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, बारा बायका, मधोमध आपल्या आजीची ती मोठी लाकडी परात. तुला आठवतं ना? लग्नघरचा रवा असला की पहिली मूठ नवरीच्या आईनं टाकायची, पहिलं पाणी तिनंच शिंपडायचं, आणि तिच्या तळव्याखाली पहिला दाणा बांधला गेला की मग बाकीच्यांनी हात घालायचे. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलींसाठी वळते आहे. या गावात माझ्या हाताइतका बारीक, एकसारखा दाणा कुणाचा नाही, हे माझ्याबद्दल वाईट बोलणाऱ्या बायकासुद्धा मान्य करतात. तुला गणित आहे, दलेंदा, पगार आहे, ट्युनिसला बाल्कनीचं घर आहे. मला हे हात होते.

आणि तू लिहिलंस, "रव्याची धूळही नाकातोंडातून पोटात जाते. वळायला बसू नकोस."

बसले नाही. पायरीवर बसले, तोंडाला ओढणी बांधून, पाहुणीसारखी. परातीशी कोण बसली? नजिहा! बाह्या सारून, आधी माझ्याकडे बघून गोड हसून. "वहिनी, तुम्ही नुसतं सांगत राहा, हात माझे चालतील." तिचा दाणा म्हणजे हरभरा. गाणी म्हटली, चहा झाला, युस्रा लाजली. मला तिथल्या प्रत्येकीचा हेवा वाटत होता. त्यांच्या कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांचा. नजिहाच्या जाड बोटांचा. माझ्या स्वतःच्या मुलीचासुद्धा, कारण तिनं दुसरी मूठ टाकली.

मग आई उठली. स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट. मला वाटलं, काहीतरी विसरली असणार. तर ती बाहेर आली आणि तिच्या हातात ते निळं भांडं होतं. तेच, तुझ्या लहानपणचं. कानाजवळ टवका उडालेलं. इतकी वर्षं तिनं ते कुठे ठेवलं होतं, देव जाणे. तुझ्याच पार्सलमधल्या ज्वारीची पेज केली होती तिनं, पाण्यातली, दुधाचा थेंब नाही, वर खजुराचा पाक. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि चमचा माझ्या तोंडाशी आणला.

बावन्न वर्षांत आईनं माझ्यासाठी वेगळं काही शिजवलं नव्हतं. कधीच नाही. मी धडधाकट होते ना. मी सगळ्यांत जेवायचे.

"खा गं," ती म्हणाली. "खा, दलेंदा. हे बाधणार नाही तुला."

मी तोंड उघडलं. म्हटलं, "हो, आई."

अख्खं भांडं मी तुझ्या नावानं खाल्लं. बायका बघत होत्या. नजिहा डोळे पुसत होती, आणि मला वाटलं, पुसू दे, निदान तेवढा वेळ तिचे हात परातीबाहेर राहतील.

आणखी एक सांगायचं आहे. आज नाही जमत. उद्या लिहिते, पत्र उद्याच टाकेन.


२५ जुलै

लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही, म्हणून सरळ लिहिते.

मी अकरा वर्षांची होते, तू आठ. तुझं पोट काही केल्या बसत नव्हतं, आणि आईला कुणीतरी सांगितलं, गहू बंद करा, ज्वारी द्या. महिनाभरात तू पुन्हा चालायला लागलीस. त्या महिन्यानंतर घरात दोन जेवणं झाली. आम्ही सगळे परातीभोवती चमचे घेऊन बसायचो, आणि तुला वेगळं निळं भांडं, वेगळा चमचा, खजुराचा पाक, आणि आईची मांडी. मला पाक नको होता, दलेंदा. म्हणजे पाकही हवा होता. पण मांडी हवी होती.

आई सकाळी पेज निखाऱ्यावर ठेवून गाय पिळायला जायची. तू झोपलेली असायचीस. मी झाकण काढायचे आणि चार-पाच चमचे खायचे. भांडं कमी दिसू नये म्हणून मूठभर रवा टाकायचे, वर पाणी, आणि ढवळून झाकून ठेवायचे.

पहिल्यांदा हाव म्हणून केलं. नंतर रवा आधी टाकायला लागले, खायचे नंतर. काही दिवस तर खाल्लंच नाही, नुसता रवा टाकला.

गहू तुला बाधतो हे मला माहीत होतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं. चौथ्यांदा राहू देते.

मला वाटायचं, ज्वारीनंही गुण येत नाही असं आईला दिसलं की ती कंटाळेल, भांडं ठेवून देईल, आणि तू आमच्यात येऊन परातीत जेवशील. मग सगळं सारखं होईल. तसं झालं नाही. तू पुन्हा काडीसारखी झालीस. एक दिवस मामाच्या ट्रकमध्ये गादी घालून तुला ट्युनिसला नेलं. आई बरोबर गेली. मावशीचं घर हॉस्पिटलजवळ होतं, म्हणून तू तिथेच राहिलीस. आई सारखी तुझ्याकडे, मग घर कोण बघणार? सहावीतून माझं नाव काढलं. त्या वर्षी परात माझ्या हाती आली.

आता नशीब बघ. तुझी मावशीच्या घरची खोली, तुझी शाळा, तुझं कॉलेज, तुझी बाल्कनी, ज्याच्यावर मी चाळीस वर्षं जळले, ते सगळं मीच तुला दिलंय, मुठीमुठीनं. मी तुझं वाईट करायला गेले आणि तुझं भलं झालं. याचासुद्धा मला हेवा वाटतो! बघ, कसली बाई आहे मी.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का, तेव्हा मी "नाही" का म्हटलं, ते आता कळलं असेल. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, हम्मादीला नाही. आणि बाबांच्या जेवणात मी जे बोलले, ते दमल्यामुळे नव्हतं. तुझा डबा बघितला आणि मला ते भांडं दिसलं.

माफी मागत नाहीये. मागायला तोंड नाही. लग्नाला आली नाहीस तर समजेन.


ऐन करमा, १६ ऑगस्ट

दलेंदा,

तीन आठवडे मी टपालवाल्याची वाट पाहिली. तो सायकलवरून उतरला नाही की म्हणायचे, बरं झालं, आणि आत जाऊन रडायचे. काल तुझं पत्र आलं. एकच पान. यावेळी अक्षर मोत्यासारखं नव्हतं.

"मला माहीत होतं," तू लिहिलंयस. "ज्वारी मऊ असते, रवा दाताखाली यायचा. पहिल्याच दिवशी कळलं. तुझ्या बोटांना पाकाचा वासही यायचा. मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्या पेजेला तुमच्या परातीची चव यायची. तुम्ही सगळे गोल बसून, ढकलाढकली करत, एकमेकांच्या बाजूचं मांस पळवत जेवायचात, आणि मी मांडीवर आजारी. मला ती मांडी नको होती, मोंजिया. मला तुझ्या शेजारची जागा हवी होती."

हे वाचून मला आधी काय वाटलं, सांगू? राग आला. चाळीस वर्षं उराशी बाळगलेलं एवढं मोठं पाप, तेही तू अर्धं स्वतःकडे घेतलंस. माझं म्हणून काहीच ठेवायचं नाही का तुला? मग पुन्हा वाचलं. मग अंगणात जाऊन गाईच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिले. तिनं शेपटी मारली.

लग्नाला येणार की नाही, ते मात्र लिहिलं नाहीस. पान उलटून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं. नाही.

तर ऐक. मी सुताराकडून नवी परात करून घेतली आहे, ऑलिव्हच्या लाकडाची, लहान. तिला गव्हाचा कण लागलेला नाही. नवी चाळणी, नवं वाफेचं भांडं. मक्याच्या रव्यात तांदळाचं पीठ मिसळून वळायला बसले. पहिल्या दिवशी सगळा चिखल झाला. मका पाणी पीत नाही, नुसता रुसतो. दुसऱ्या दिवशी गोळे. नजिहा बघून गेली, "वहिनी, हे कबुतरांना का?" नवव्या दिवशी दाणा बांधला गेला. बारीक, पिवळा, एकसारखा. नजिहाला बोलावून दाखवला. काही बोलली नाही. माझा दिवस सोन्याचा झाला.

लग्नाच्या जेवणात सगळ्यांच्या परातींबरोबर एक ही असेल, दोन माणसांची. पण आधीच सांगते, मांसाचा मोठा तुकडा माझ्या बाजूला राहील. तू पाहुणी आहेस म्हणून मी तो सरकवणार नाही.

आणखी एक, आणि मग संपवते. आई रोज सकाळी मला निळ्या भांड्यातली पेज देते. रोज म्हणते, "खा, दलेंदा." रोज मी "हो, आई" म्हणते. सवय झाली आहे. आज मी खात होते, ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. मी तळाशी पोचले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"मोंजिया," ती म्हणाली. माझ्या नावानं. "सगळं संपवू नकोस, पोरी. बहिणीला ठेव. आणि रवा नको टाकूस त्यात."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिला तेव्हा कळलं होतं की नंतर कधी, की आत्ता तिच्या डोक्यात कुठूनतरी आलं, ते मला ओळखता आलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. तिनं डोक्यावरचा चष्मा शोधायला सुरुवात केली.

मी चमचा खाली ठेवला. तळाशी थोडी उरली आहे, झाकून ठेवली आहे. रोज तेवढी ठेवत जाईन. त्यात काही मिसळलेलं नाही, दलेंदा.

मोंजिया